राख आणि ग्रीस

न उचलणाऱ्या यंत्राची दुखणी दोनच. एकतर ताकद पोचत नाही, नाहीतर काहीतरी आडवं येतंय. बाकी सगळं ह्या दोघांचं गणगोत. हे मला आयटीआयतल्या आमच्या सरांनी शिकवलं आणि त्याच्यावरच मी आजवर पोट भरते आहे. शिरूरजवळच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. माल वरखाली करणारी टेबलं, स्क्रूचे जॅक, मोटरनं उघडणारी दारं, उचलाउचलीचं जे जे काही असेल ते माझ्याकडं. बंद पडलं की लोक आधी त्याला लाथ घालतात, मग मला फोन करतात.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. ‘नवीन घ्या’ हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. उघडून न बघताच नवीन घ्या म्हणणारा माणूस मला नाडी न बघता डेथ सर्टिफिकेट लिहिणाऱ्या डॉक्टरसारखा वाटतो.

मी दौंड तालुक्यातल्या राहूची. वडील गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायचे. संध्याकाळी घरी यायचे ते भुवयांपासून नखांपर्यंत राखेनं माखलेले. वस्तीतल्या बुद्धविहारात लाइट चांगला होता, तिथं बसून मी दहावीचा अभ्यास केला आणि आयटीआयला फिटर ट्रेडसाठी अर्ज टाकला. ऑफिसातले क्लार्क मला म्हणाले, पोरी, शिवणकामाला जागा आहेत, तिकडं जा. नेमके सर तिथं रजिस्टर घ्यायला आले होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि क्लार्कना म्हणाले, “हातोडीला काय कळतंय, बाई हाय का बाप्या? लिव्हा तिचं नाव.”

आमच्या तुकडीत मी एकटीच मुलगी. सरांनी त्याचं कौतुक केलं नाही आणि सवलतही दिली नाही. पहिलं काम सगळ्यांना एकच, लोखंडाचा ठोकळा कानशीनं घासून काटकोनात आणायचा. तो घेऊन आपण सरांसमोर उभं राहायचं. सर काटकोन तपासायचा गुण्या लावून तो उजेडाकडं धरायचे. फटीतून उजेड दिसला की हातातली स्टीलची पट्टी व्हाइसवर, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यावर, दोनदा आपटायचे. टक, टक. म्हणजे परत कर. बरोबर असेल तर एकदाच. का चुकलं, कुठं चुकलं, काही सांगायचे नाहीत. तुझं तू शोध. माझ्या ठोकळ्यावर अकरा दिवस टक-टक झालं. हाताला फोड आले, मनातल्या मनात मी सरांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाराव्या दिवशी एकच टक वाजलं आणि मला इतकं रडू आलं की मी ठोकळा पुसायच्या निमित्तानं नळाकडं पळाले.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडाला, सरांच्या बायकोचा फोन आला. मी त्यांना काकू म्हणते. सर निवृत्त होऊन त्यांच्या गावी, निमोण्याला राहायला गेलेले मला ठाऊक होतं. पण त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय हे मला काकूंकडूनच कळलं.

“सरांच्या वहीत तुझा नंबर हाय,” काकू म्हणाल्या. “नंबरापुढं लिव्हलंय, उचलायची यंत्रं. म्हून तुला लावला. ह्यांचा पलंग उचलंना झालाय.”

मला आधी वाईट वाटलं, मग वहीतली ती ओळ ऐकून बरं वाटलं. सर माझी खबर ठेवून होते.

पुढच्या गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, हत्यारांची पिशवी घेऊन मी गाडीवरून निमोण्याला गेले. सर खिडकीशेजारी पलंगावर पडले होते. तोंडाची उजवी बाजू ओघळलेली, उजवा हात पोटावर ठेवलेला. मला बघून त्यांच्या तोंडातून ‘आ’ असा आवाज निघाला. डोळे मात्र चष्म्यावरूनच बघत होते.

“समजत न्हाई आता त्यांना फारसं,” काकू त्यांच्यासमोरच म्हणाल्या. “बघत बसत्यात निस्तं.”

मी मान हलवली आणि पलंगाकडं वळले. माणसाला टाळायचं असलं की मला यंत्र बरं पडतं.

पलंग दवाखान्यातला, जुना, कुणाकडून तरी घेतलेला. रिमोटचं बटण दाबलं की पाठीचा भाग वर यायचा आणि सरांना बसतं करायचा. ही चैन नव्हती. सरांना आडवं भरवलं तर घास श्वासनळीत जायचा, म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं की बसवूनच भरवा. सर उंचेपुरे गडी, काकू चिमणीएवढ्या. पलंग उचलेल तेव्हाच सर जेवणार, असा हिशोब होता. कंपनीला फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, मॉडेल बंद झालंय, नवीन घ्या.

मी पलंगाखाली आडवी झाले. पाठ उचलणारा ॲक्च्युएटर म्हणजे काही जादू नसते. मोटर एक लांब आट्यांचा स्क्रू फिरवते, त्यावर एक नट असतो, तो स्क्रूवरून पुढं सरकतो आणि नटाला जोडलेला दांडा पाठ वर ढकलतो. बटण दाबलं. मोटर फिरत होती, स्क्रूही फिरत होता, पाठ मात्र जागच्या जागी. म्हणजे ताकद निघत होती आणि वाटेत हरवत होती. नट काढला तर आतले आटे साफ घासून गेलेले. सोपं दुखणं. मी शिरूरच्या ओळखीच्या लेथवर गनमेटलचा नवा नट बनवला, संध्याकाळी आणून बसवला आणि वरून सढळ हातानं ग्रीस थापलं. स्क्रू झाकायचं घड्यांचं रबर कधीच फाटून पडलं होतं. मी म्हटलं, रबर नाही तर ग्रीस तरी भरपूर असू दे.

पाठ अलगद वर आली. सर बसते झाले. काकूंनी मला चहा दिला, वर वाटीभर शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. मी अशी काही ताठ मानेनं गाडी चालवत शिरूरला परतले, जणू वाटेतल्या सगळ्यांना माहीत होतं.

दोन महिन्यांनी बुधवारी दुपारी पुन्हा फोन. पाठ पुन्हा उचलेना. काकूंचा आवाज ह्या वेळी वेगळा होता.

“परवा वरणभाताचा घास घशात अडकला गं. उशा लावून बसवलं हुतं, पर ते घसारलं खाली. डोळं पांढरं झालं. डॉक्टर म्हणत्यात, बसवून भरवता येत नसंल तर शुक्रवारी घेऊन या, नाकातनं नळी घालू.”

नळी म्हणजे काय ते काकूंना माहीत होतं. दवाखान्यात असताना सरांनी ती डाव्या हातानं उपसून काढली होती, एकदा नाही, दोनदा. मग तो हात पट्टीनं पलंगाला बांधून ठेवला होता. सरांच्या अख्ख्या अंगात चालता हात एवढा एकच उरलेला, आणि आता तो पुन्हा बांधला जाणार होता. मी फोन ठेवला. मला सरांची काळजी वाटत होतीच, पण खरं सांगते, त्याहून जास्त लाज वाटत होती. माझ्या हातचं काम दोन महिन्यांत परत आलं होतं.

पहिली पाळी संपवून मी तशीच निमोण्याला निघाले. वाटेत मी दहा जणांना दोष दिला. गनमेटलमध्येच भेसळ असणार. गावात व्होल्टेज वरखाली होतं, त्यानं मोटर हिसके देत असणार. स्क्रूच वाकडा असणार. नाचता येईना अंगण वाकडं, असं चाललं होतं माझं. पोचल्या पोचल्या स्क्रू सोडवला, वाक मोजायची डायल लावून फिरवून पाहिला. सरळ. व्होल्टेज मोजलं. ठीक. दांड्याच्या खिळी बघितल्या. त्याही ठीक. मग नट हातात घेतला. माझा नवाकोरा नट आतून पुन्हा गुळगुळीत, आणि कडेला काळपट करड्या रंगाचा लपका.

तो मी दोन बोटांत चोळला. ग्रीस बोटावर सरकलं पाहिजे, हे कचकचत होतं. आमच्या कारखान्यात धातूला चकचकीत घासायला पेस्ट वापरतात, अगदी तशी. कुणीतरी माझ्या नटाला दिवसातून सहा वेळा घासायची पेस्ट लावत होतं. पण कोण? खोली तर काकूंनी आरशासारखी ठेवलेली.

मी उकिडवी बसून लपक्याकडं बघत होते. काकू बिचाऱ्या दारात उभ्या. तेवढ्यात सरांचा डावा हात हलला. त्यांनी बोट खाली केलं, पलंगाच्या खाली, आणि ‘आ’ केलं.

“भांडं हवंय त्यांना,” काकू लगबगीनं पुढं आल्या. लघवीचं भांडं पलंगाखालीच असायचं. “हे असंच चाललंय महिनाभर. जेवायला बसवलं की खाली बोट. भांडं दिलं की ढकलून देत्यात. म्हून म्हणलं, समजत न्हाई आता.”

त्यांनी भांडं पुढं केलं. सरांनी ते कोपरानं ढकललं आणि पलंगाच्या लोखंडी कठड्यावर बोटाची आंगठी आपटली.

टक, टक.

मी सतरा वर्षांची होऊन व्हाइससमोर उभी होते आणि सर सांगत होते, परत कर. तुझं तू शोध. मी वर बघितलं. सर चष्म्यावरून माझ्याकडं बघत होते, वैतागलेले, जसे ते अर्ध्या वर्गावर वैतागायचे तसे. न समजणारा माणूस असा वैतागत नाही.

मी जमिनीला गाल टेकवून पलंगाखाली पाहिलं. पाठीच्या बाजूला, भिंतीला लागून, एक भरलेलं पोतं होतं. पहिल्या वेळीही ते तिथंच होतं. मी ते बाजूला सारून काम केलं होतं आणि निघताना स्वतःच्या हातानं परत सरकवून ठेवलं होतं.

“काकू, ह्याच्यात काय आहे?”

“हुलगं हायती. राखंत घालून ठिवल्यात. किडा लागू ने म्हून.”

आमच्याकडं घरोघरी करतात तसं. चुलीची राख चाळायची, कडधान्याला चोळायची, पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवायची. काकूंच्या घरात गॅस होता, पण अंघोळीच्या पाण्याला चूल पेटायचीच, तिचीच ही राख. आणि त्या दोन खोल्यांत कोरडी जागा म्हणजे पलंगाखालची. मी हातानं दांडा खाली आणून बघितला. पाठ खाली आली की तो बरोबर पोत्यावर टेकत होता. पोतं फुस्स करत होतं. उन्हाच्या तिरपेत राखेचा बारीक धूर वर आला आणि माझ्या सढळ ग्रीसवर जाऊन निवांत बसला.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. चुलवाणाच्या राखेत वाढलेली मी, वडिलांच्या अंगावरून ती रोज झटकलेली, आणि माझ्याच बोटांत चोळून मला ती ओळखू आली नाही.

“राख, सर?” मी विचारलं. पहिल्यांदाच थेट त्यांना विचारलं.

सरांनी आंगठी एकदाच आपटली. टक.

काकूंना मग मी सगळं सांगितलं. वर्कशॉपमधली ती पट्टी, एकदा म्हणजे बरोबर, दोनदा म्हणजे परत. त्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. आयटीआयतली भाषा सर कधी घरी बोलले नसणार. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

“म्हंजी महिनाभर ते मला पोतं काढ म्हणत हुते,” त्या म्हणाल्या. “आन् मी भांडं दावत हुते.” मग, “म्हंजी माझ्यानंच मोडलं का गं हे?”

“निम्मं तुमच्यानं, निम्मं माझ्यानं,” मी म्हणाले. ही समजूत नव्हती, खरंच होतं. नुसती राख असती तर झडून गेली असती. नुसतं ग्रीस असतं तर काहीच बिघडलं नसतं. राख त्यांची, ग्रीस माझं. दोघींनी मिळून सरांचा पलंग घासून काढला होता, दोघींनीही चांगल्याच मनानं.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. “हुलगं ह्यांच्यासाठीच ठिवलं हुतं. माडगं गिळाया बरं पडतं. राखंत न घालता ठिवलं तर पावसाळ्याआधीच किडत्यात.”

पोतं मी उचललं आणि माजघरात नेऊन फळीवर ठेवलं.

रात्रीची एक वेळ आणि सकाळची एक वेळ काकूंनी उशांवर निभावली. गुरुवारी सकाळी मी लेथचं दुकान उघडायच्या आधीच त्याच्या दारात होते. नवा नट बनवला. स्क्रू रॉकेलनं धुतला, ब्रशनं एकेक आटा साफ केला, पुसून बोटानं चाचपला. ग्रीस ह्या वेळी पुसल्यासारखं, पातळ. आणि शिरूरच्या गॅरेजमधून मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपचं घड्यांचं रबर आणलं, ते स्क्रूवर चढवून दोन्ही टोकांना पट्टीनं आवळलं. आता राख काय, राखेचा वासही आत जाणार नव्हता.

दुपारी रिमोट मी काकूंच्या हातात दिला आणि सरांकडं तोंड करून उभी राहिले. पाठ वर गेली. खाली आली. सर डोळे मिटून ऐकत होते. आधी ऐक, मग उघड, असं ते आम्हाला सांगायचे. त्यांनी डावं बोट गोल फिरवलं, म्हणजे अजून एकदा. पुन्हा वर, पुन्हा खाली. पुन्हा बोट फिरलं. इतकी वर्षं मी लोकांची यंत्रं तपासून पास करते आहे, पण त्या मिनिटाला मी ठोकळा घेऊन उभी होते.

तिसऱ्या खेपेला पाठ वर येऊन थांबली आणि सरांनी डोळे उघडले. टक. एकच.

मी पिशवी आवरायच्या निमित्तानं खाली वाकले. अजून तीच खोड आहे मला.

काकूंनी डॉक्टरांना फोन करून उद्या येत नाही म्हणून सांगितलं. मग हुलग्याच्या पिठाचं घट्टसर माडगं करून आणलं. सर ताठ बसलेले, गळ्याशी टॉवेल. काकूंनी चमचा भरवला. सरांनी तो तोंडात घोळवला, नीट गिळला, खोकला आला नाही. काकूंनी दुसरा चमचा भरला, तेवढ्यात सरांचा हात कठड्यावर गेला.

टक, टक.

मी धसकून पलंगाखाली बघितलं. सगळं जागच्या जागी. सर माझ्याकडं बघतच नव्हते. ते वाटीकडं बघत होते.

काकू चमचा धरून तशाच थांबल्या. “काय चुकलं?” त्यांनी विचारलं, आणि झटक्यानंतर बहुतेक पहिल्यांदाच उत्तराची वाट बघितली. “मीठ?”

टक, टक.

“मीठ मागितलं असतं तरी मिळालं नसतं, डॉक्टरांनी कमी सांगितलंय. तिखट?”

टक, टक.

काकूंनी वाटी नाकाशी नेली. मग हळूच म्हणाल्या, “लसूण?”

टक.

“आजारी माणसाला फोडणी नको, म्हून मीच बंद केली हुती,” त्या मला सांगायला लागल्या आणि मधेच थांबल्या. मग सरांकडं वळून म्हणाल्या, “सात महिनं बिनलसणाचं माडगं गिळलं व्हय तुम्ही? मुकाट्यानं?”

सरांच्या तोंडाची डावी बाजू जराशी वर गेली. काकू हसल्या, रडल्या, दोन्ही एकदम, आणि वाटी उचलून आत गेल्या. आतून पाट्यावर लसूण ठेचल्याचा आवाज येऊ लागला. सर मान कलती करून तो ऐकत होते. मी रिमोट घेतला आणि त्यांना आतल्या खोलीचं दार दिसावं म्हणून पाठ आणखी थोडी वर केली.